चार डोळ्यांची चंपी आणि आठ आण्यांचा रघू

आमच्याकडे दोन कुत्रे आहेत हे नेहमीच्या वाचकांना आणि नातेवाइकांना माहीत आहेच. (ज्यांना माहीत नाही ते अजून आमच्याकडे जेवायला आलेले नाहीत.) रघू लॅब्रेडॉर. दादरच्या एका कुटुंबाने परदेशी जाताना तो आमच्या गळ्यात घातला. चंपी लालबागच्या गल्लीतली. दोघांत साम्य एवढंच की दोघंही माझ्याच चादरीवर झोपतात.

रघू म्हणजे जगन्मित्र. गॅसवाला, पेपरवाला, पत्ता चुकलेला कुरियरवाला, सगळे त्याचे सख्खे. चोर आला तर हा त्याला कपाट कुठे आहे ते दाखवेल. मात्र पहिला ताशा वाजला की बत्तीस किलोचा हा गडी बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसतो. परळमध्ये राहून ताशाला घाबरायचं म्हणजे कठीणच! चंपीला ढोल-ताशे, फटाके, लाउडस्पीकर कशाचंच काही नाही. विसर्जनाच्या दिवशी ती गॅलरीच्या गजांतून तोंड बाहेर काढून सकाळपासून बसते. पण अनोळखी माणूस तिला चार हात लांबच लागतो. आणि म्युनिसिपाल्टीची कुत्रे पकडायची गाडी नाक्यावर वळली की आम्हाला आवाज येण्याआधी ती पलंगाखाली असते. तिच्या एका कानाला खाच आहे. नसबंदी झालेल्या कुत्र्याची ही खूण. म्हणजे त्या गाडीतून तिचा एकदा प्रवास झालेला आहे.

चंपीच्या दोन्ही डोळ्यांवर एकेक तांबूस ठिपका आहे. आमच्या ओळखीच्या एका पारशी आजींनी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नमस्कारच केला. पारशी धर्मात असं कुत्रं 'चार डोळ्यांचं' मानतात. माणूस गेला की त्याच्यावर कुत्र्याची नजर पडावी, असा त्यांच्यात विधी आहे, 'सगदीद' म्हणतात त्याला. थोडक्यात, आमची चंपी जन्मतः मानाची, फक्त तिला कुणी सांगितलेलं नाही.

हे ऐकल्यापासून मी १८३२ सालच्या दंग्याबद्दल जमेल तसं वाचत होतो. मुंबईतल्या दंगलींच्या याद्या आपण पुष्कळ ऐकतो, पण कुत्र्यांवरून झालेली दंगल फारशी कुणाला ठाऊक नसते. शाळेच्या पुस्तकात तर नव्हतीच.

तेव्हा सरकार दरवर्षी ठराविक महिन्यांत मोकाट कुत्री मारून टाकत असे. कारण पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती. त्या वर्षी ही मुदत वाढवून जूनच्या मध्यापर्यंत नेली आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवलं. त्या काळात आठ आणे ही काही थट्टा नव्हती. पोलिसांचे लोक मन लावून कामाला लागले. घराच्या आवारात शिरून पाळलेली कुत्रीसुद्धा नेतात अशी ओरड सुरू झाली. ६ जूनला कोटात, म्हणजे आजच्या फोर्टात, जमावाने कुत्रे मारणाऱ्या शिपायांना धरून झोडपलं. तो पारशांचा सणाचा दिवस होता. पण जमावात नुसते पारशी नव्हते, हिंदूही होते. दुसऱ्या दिवशी, ७ जूनला, दुकानं बंद. कोटातल्या आणि कुलाब्याच्या गोऱ्या सैनिकांकडे जाणारं खाणंपिणं अडवलं गेलं. शेवटी लष्कर बोलवावं लागलं, धरपकड झाली, खटले चालले. जमशेटजी जीजीभाईंसारखी वजनदार मंडळी मध्ये पडली आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत असा तोडगा पुढे आला.

आता माझं मत. सरकार भित्रं होतं असं मी म्हणणार नाही. भीती खरी होती. पिसाळलेलं कुत्रं चावलं तर उपाय नव्हता, लुई पाश्चरने पहिल्यांदा एका मुलाला लस टोचली ती १८८५ साली, म्हणजे त्रेपन्न वर्षांनी. चूक होती ती आठ आण्यांत. डोक्यामागे पैसे ठेवले की पकडणारा कुठलं कुत्रं पकडेल? पिसाळलेलं नक्कीच नाही, त्याच्याजवळ कोण जातो! बुजरं, हुशार कुत्रंही नाही. पकडलं जाईल ते शेपटी हलवत स्वतःहून जवळ येणारं. आमच्या घरात हा हिशोब सरळ आहे. चंपी तिसऱ्या गल्लीत पसार झाली असती आणि रघूचे आठ आणे पहिल्या पाच मिनिटांत वसूल झाले असते. बिस्किटसुद्धा खर्ची पडलं नसतं.

त्या दंग्याची एक आठवण गिरगावच्या शेजारी अजून उभी आहे. १८३४ साली जमशेटजी आणि शेठ अमीचंद शहा यांनी भुलेश्वरला पांजरापोळ काढला, आणि त्यामागे सरकारची ही कुत्रेमार मोहीमच होती असं सांगतात. लहानपणी आईबरोबर भुलेश्वरला फुलं आणि बांगड्या घ्यायला गेलो की गायींना चारा घालायला तिथे थांबायचो. पांजरापोळ म्हणजे गायी, एवढंच डोक्यात होतं.

परळला याच कहाणीचा दुसरा भाग आहे. दिनशा पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नी साकरबाईंच्या नावाने जनावरांचं हॉस्पिटल इथे १८८० च्या दशकात उभं राहिलं, आणि १८८६ मध्ये पशुवैद्यक कॉलेजही सुरू झालं. आम्ही सगळे त्याला 'बैलघोडा' म्हणतो, कारण ट्राम आणि गाड्या ओढणारे बैल-घोडेच तिथले मुख्य पेशंट होते. आता रांगेत मांजरं, पोपट आणि रघूसारखे लठ्ठ लॅब असतात.

आणि त्याच परळला, हाकेच्या अंतरावर, हाफकिन. प्लेगच्या लशीसाठी आपल्याला माहीत आहे ते, पण रेबीजची लसही तिथे तयार होत असे. पोटात चौदा इंजेक्शनं, हे शब्द आमच्या पिढीतल्या प्रत्येक पोराने ऐकलेत. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस २००५ च्या आसपास देशातून हद्दपार झाली. आता दंडात चार-पाच टोचून भागतं.

माझ्या आजीचा धाकटा भाऊ लालबागच्या चाळीत कुत्रं चावून गेला. नऊ वर्षांचा होता. जखमेत तिखट भरलं, कुणीतरी मंत्र घातला, आणि चालत गाठता येईल अशा हाफकिनला कुणी नेलं नाही. आजी शेवटपर्यंत कुत्र्याच्या वाऱ्याला उभी राहिली नाही. तिच्या हयातीत आमच्या घरात कुत्रं येणं शक्यच नव्हतं. मला कुत्री प्राणाहून प्रिय आहेत, पण आजीला मी कधी वेडी म्हणणार नाही.

मुंबई महापालिकेने कुत्री मारणं थांबवून नसबंदीचा मार्ग धरला तो १९९४ पासून. म्हणजे आठ आण्यांचा हिशोब वेगवेगळ्या रूपांत दीडशेहून अधिक वर्षं चाललाच. (१९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर तीन हजार किलोहून जास्त आरडीएक्स हुंगून काढणारा पोलिसांचा 'जंजीर', रघूचा भाऊबंद, त्याच दिवसांतला. २००० साली तो गेला तेव्हा त्याला पोलिसी इतमामाने निरोप दिला. एकाच शहरात एका कुत्र्याला सलामी, बाकीच्यांना...असो.) २००१ मध्ये केंद्राचे नियम आले, २०२३ मध्ये नवे. मग ११ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने दिल्लीतली सगळी मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला ते बदललं: नसबंदी आणि लस करून जिथून उचलली तिथेच सोडा, पिसाळलेली आणि हिंस्र तेवढी ठेवून घ्या.

त्या अकरा दिवसांत आमच्या बिल्डिंगमध्येही दोन तट पडले. तळमजल्यावरच्या काकांच्या नातवाला मागच्या वर्षी कुत्रं चावलं होतं. ते म्हणाले, सगळी उचला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू रोज रात्री पाच कुत्र्यांना भात घालतात, त्या रडायच्याच बाकी होत्या. मी दोघांनाही १८३२ ची गोष्ट सांगितली. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तेव्हा चावलेल्या पोरांचं काय झालं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून आजीच्या भावाचं सांगितलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, गल्लीतल्या कुत्र्यांना लस टोचायला माणसं येणार असतील तर मला आधी सांगा, गेट उघडून ठेवतो.

माणसं आली त्या सकाळी काका गेटवर होते. गल्लीतल्या पाचांपैकी चार सापडली. सगळ्यात आधी हाती लागलं ते अर्थात शेपटी हलवत पुढे आलेलं पांढरं. पाचवी काळी कुत्री चंपीच्या जातकुळीतली, ती दोन तास मोटारींच्या खालीच होती. तिच्यासाठी पुढच्या आठवड्यात परत येणार आहेत. काकू म्हणतात, भाताबरोबर थोडं सुकट घालून बघते.