'प्रवेश' की पुनरागमन?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील परदेशी कायम रहिवासी चार दिवस बाहेर जाऊन आला, तर ते घरी परतणे समजावे की नव्याने 'प्रवेश' समजावा? हा शब्दच्छल नव्हे. हद्दपारीची कारणे आणि दारातच अडविण्याची कारणे तेथील कायद्याने निरनिराळी ठेवली आहेत. त्यामुळे ज्या जुन्या, किरकोळ गुन्ह्यावरून घरी बसलेल्यास हद्दपार करता येत नाही, तोच प्रवासाहून परतणाऱ्यास भोवू शकतो. 'नैतिक अधःपतना'च्या गुन्हेगारांस १८९१ पासून प्रवेशबंदी आहे. त्या संज्ञेची व्याख्या मात्र कायद्याने अद्यापि केलेली नाही!

१९३३ साली सर्वोच्च न्यायालयाने शब्दशः अर्थ घेतला : परदेशातून होणारे प्रत्येक आगमन म्हणजे प्रवेशच. बनावटगिरीबद्दल शिक्षा झालेला, १९०६ पासून तेथे राहणारा एक इटालियन १९२८ मध्ये अल्पकाळ क्यूबास जाऊन आला, तेवढ्यावरून तो हद्दपारीस पात्र ठरला. पुढे तर बफेलोहून डेट्रॉइटला रात्रीच्या गाडीने निघालेल्या, कॅनडातून गाडी जात असता झोपलेल्या उतारूनेही 'प्रवेश' केला, असा सरकारचा दावा होता! न्या. लर्नेड हँड यांनी तो १९४७ मध्ये फेटाळला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने, पाणतीराने जहाज बुडाल्यावर क्यूबास नेल्या गेलेल्या मेक्सिकन खलाशाचे परतणे प्रवेश मानण्यास नकार दिला. अखेर १९६३ मध्ये, मेक्सिकोत दोन तास जाऊन आलेल्या एका स्विस रहिवाशाच्या खटल्यात न्या. गोल्डबर्ग यांनी पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला, की निरुपद्रवी, सहज व अल्पकालीन फेरीने वास्तव्य खंडित होत नाही. खटला गुन्ह्याचा नव्हता. पण जुने गुन्हे असणाऱ्यांस या अर्थाचा मोठा आधार झाला.

१९९६ च्या कायद्याने 'प्रवेश' हा शब्द काढून 'प्रवेशाची अनुमती' ही कल्पना आणली. परतणाऱ्या रहिवाशाने अनुमती मागितली असे सामान्यतः मानू नये, असे तीत म्हटले आहे. वरवर हे उदारच. पण त्यास अपवाद जोडले आहेत. १८० दिवसांहून अधिक सलग अनुपस्थिती हा एक, आणि विशिष्ट गुन्हे हा दुसरा. गुन्हा एकच असेल, त्याची कमाल शिक्षा एक वर्षाहून अधिक नसेल आणि प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांहून अधिक झाली नसेल, तरच तो क्षुल्लक. प्रत्यक्षात कैद झालीच नाही, एवढे सांगून भागत नाही. कमाल शिक्षाही पाहिली जाते.

१९९४ मध्ये गुन्हा कबूल करून चार महिन्यांची शिक्षा झालेला एक ग्रीक रहिवासी २००३ मध्ये आठवडाभर मायदेशी आईवडिलांकडे जाऊन आला, आणि न्यूयॉर्कच्या विमानतळावर अडकला. २०१२ मध्ये न्या. गिन्सबर्ग यांनी सहा विरुद्ध तीन मतांनी त्याच्या बाजूने निर्णय दिला; परंतु १९९६ चा कायदा त्यापूर्वीच्या गुन्ह्यास लागू नाही, एवढ्याच आधारावर. नंतरच्या गुन्हेगारांस तो आधार नाही. आजारी आईस भेटावयास निघण्यापूर्वी त्यांना वकील गाठावा लागतो.