राजीनामा : एका जुन्या शब्दाची आठवण

'राजीनामा' म्हटले की आज खुर्ची सोडणारा मंत्री डोळ्यांपुढे येतो. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या मराठी कागदांत मात्र या शब्दाचे काम वेगळे होते. भांडणारे दोन्ही पक्ष पंचांपुढे येत आणि पंच जो निवाडा करतील तो आम्हांला मान्य आहे, असे लिहून देत. तो कागद म्हणजे राजीनामा, राजी असल्याचा लेख. शेजारच्या मध्य प्रदेशातल्या कोर्टांत तडजोडीला आजही राजीनामाच म्हणतात. आपल्याकडे शब्द राहिला, त्यातली राजीखुशी तेवढी निघून गेली.

आज हा शब्द आठवण्याचे कारण साधे आहे. देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत ४ कोटींहून अधिक प्रकरणे पडून आहेत. त्यांपैकी दिवाणी दावे १ कोटीच्या वर. आजोबांनी लावलेला वाटणीचा दावा नातू चालवतो, हे आता कुणाला नवल वाटत नाही. म्हणून न्यायाधीशांपासून मंत्र्यांपर्यंत सगळे सांगतात, 'कोर्टाबाहेर मिटवा.' सल्ला चांगला आहे, पण नवा नाही. महाराष्ट्राने आणि आपल्या नागपूर प्रांताने तो निदान चार वेळा करून पाहिला आहे. त्या चारही प्रयोगांचा हिशेब मांडल्याशिवाय पाचव्याला हात घालू नये.

पहिला प्रयोग गोतसभेचा. वतनाचा किंवा जमिनीचा तंटा असला की देशमुख, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार एकत्र बसत. बलुतेदारांत गावचा मुलाणीही असे. निवाड्याचा महजर लिहिला जाई आणि ज्याला अक्षर येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी काढी. कुणब्याचा नांगर, शेट्याचा तराजू. हरलेला पक्ष हार कबूल करणारे येजितखत लिहून देई. जिंकणारा सरकारला हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी. म्हणजे पंच गावचे होते, पण निवाड्यामागे सत्ता उभी होती. हे विसरून आपण 'गाव आपसात मिटवत असे' असे भाबडे चित्र रंगवतो.

१८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात पंचायतीचे दोष सांगितले आणि तरीही ती चालू ठेवावी असे सुचवले. नागपुरात रेसिडेंट जेन्किन्सनेही दिवाणी तंट्यांत पंचायतीचा उपयोग केला. पण सरकारी कोर्टे वाढत गेली तशी पंचायत ओस पडली. पंचांचा निर्णय न पटलेल्याला आता दुसरे दार होते आणि फुकट वेळ घालवायला पंचही तयार होईनात.

दुसरा प्रयोग पुण्याचा. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. चौकशीत दिसले की शेतकरी कोर्टात फिरकतच नव्हता आणि सावकाराला एकतर्फी हुकूमनामे मिळत होते. याच सुमारास, १८७६ मध्ये, सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात लवाद कोर्ट सुरू झाले. पुढे १८७९ च्या दक्षिणी शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत सलोखा करणारे अधिकारी नेमले. शेतकऱ्याविरुद्ध दावा लावायचा तर आधी त्यांचा दाखला हवा. हेतू उत्तम होता. पण सलोखा सक्तीचा झाला की तो दाखल्यापुरता उरतो. लोक दाखला घेत आणि दावा लावत. अखेर ही अट काढून टाकावी लागली.

तिसऱ्या प्रयोगाची घोषणा खुद्द नागपुरात झाली. डिसेंबर १९२० च्या काँग्रेस अधिवेशनाला १४ हजारांहून अधिक प्रतिनिधी आले होते. त्याच दिवसांत मुस्लिम लीगचे अधिवेशनही डॉ. अन्सारींच्या अध्यक्षतेखाली याच शहरात भरले. काँग्रेसच्या असहकाराच्या ठरावात सरकारी कोर्टांवर बहिष्कार आणि खासगी लवादाने तंटे मिटवणे ही कलमे होती. पण हा लवाद लोकांच्या सोयीपेक्षा सरकारच्या विरोधासाठी उभा राहिला होता. फेब्रुवारी १९२२ मध्ये चळवळ थांबली, वकील पुन्हा कोर्टात गेले आणि लवादही विरून गेले.

चौथा प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका त्याचाच आपल्याला विसर पडला आहे. १९२९ नंतरच्या मंदीत कापसाचे भाव कोसळले आणि शेतकरी कर्जात बुडाला. तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताने १९३३ मध्ये कर्ज समेट कायदा केला. असा कायदा करणारा हा देशातला पहिला प्रांत. पंजाब, बंगाल, मद्रास मागून आले. समेट मंडळापुढे ऋणको आणि सावकार दोघांनाही बोलावत. समेट झाला तर त्याची नोंद होई. ऋणकोने रास्त रक्कम देऊ केली आणि सावकाराने आडमुठेपणाने ती नाकारली, तर मंडळ ऋणकोला तसा दाखला देई. मग सावकार खुशाल कोर्टात जावो, त्याला खर्च मिळायचा नाही आणि व्याजावरही मर्यादा यायची. पुण्यातला दाखला दावा लावण्याचा परवाना होता, नागपूरचा दाखला आडमुठेपणाची किंमत होती. दोन कायद्यांतला फरक एवढाच, पण तो मोठा आहे. तरीही नुसत्या समेटाने भागले नाही. १९३९ मध्ये कर्ज कमी करण्याचा अधिकार असलेली कर्जनिवारण न्यायालये आणावी लागली.

या सगळ्यावर एक आक्षेप राहतो आणि तो डॉ. आंबेडकरांनी १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात घेतला होता. ग्रामपंचायतींना न्यायदानाचे अधिकार देण्याला त्यांचा विरोध होता. जातींनी विभागलेल्या गावात पंच निःपक्षपाती राहतील कसे, असा त्यांचा सवाल. ज्याच्या शेतावर मजुरी करायची त्याच्याविरुद्ध त्याच्याच पंगतीतल्या पंचांपुढे कोण तोंड उघडणार? 'राजी' होणे आणि गप्प बसणे यांत फरक आहे.

आता पाचवा प्रयोग आपल्यापुढे आहे. लोकअदालतीला कायद्याचा आधार १९८७ च्या कायद्याने मिळाला आणि तो १९९५ पासून लागू झाला. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ २००२ पासून नव्या रूपात आले. तडजोडीची शक्यता दिसली तर न्यायाधीश पक्षकारांना लवाद, समेट, मध्यस्थी किंवा लोकअदालतीकडे पाठवू शकतात. महाराष्ट्राने २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम काढली. २०२३ मध्ये मध्यस्थी कायदा मंजूर झाला आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. त्याच्या मूळ मसुद्यात दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची होती, मंजूर कायद्यात ती ऐच्छिक झाली. पुण्याचा अनुभव पाहता हे बरेच झाले.

आपल्या समाजासाठी ही गोष्ट परकी नाही. सुलह आपल्या घरातलाच शब्द आहे. नवराबायकोच्या भांडणात दोन्ही घरांतून एकेक पंच नेमावा, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून माहीत असते. दारुल कजाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले की लोक आपखुशीने तिथे जाऊ शकतात, पण तिचा निर्णय कायद्याने कुणावर बंधनकारक नाही.

मग अडते कुठे? अडते बहिणीच्या हिश्श्यापाशी. शरियतने तिचा वाटा ठरवून दिला आहे, हे जुम्याच्या बयानात आपण अभिमानाने ऐकतो. घरी आल्यावर मामा, चाचा आणि मोहल्ल्यातले दोन बुजुर्ग मिळून 'सुलह' घडवतात आणि तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवतात. माहेर तुटेल या भीतीने ती सही करते. दावा लागला नाही, कोर्टाचा बोजा वाढला नाही, आकडेवारी सुधारली. पण हा राजीनामा नव्हे. खुर्ची सोडणाऱ्या मंत्र्यासारखे तिने आपले हक्काचे स्थान सोडले, एवढेच.

म्हणून चार प्रयोगांनी शिकवलेल्या चार गोष्टी. कोर्टाचे दार उघडे असेल तरच बाहेरची तडजोड खरी असते. सक्तीचा सलोखा कागदावरच राहतो. रास्त प्रस्ताव धुडकावणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली पाहिजे. आज तारखा वाढवणाऱ्याला ती फारशी मोजावी लागत नाही. आणि पंचांच्या बैठकीत दुबळ्या बाजूचे माणूस नसेल तर ती बैठक न्यायाची नाही.

तुमचा दावा पडून असेल तर लोकअदालतीचा मार्ग जरूर धरा. तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते. पण त्यावर अपील नसते, म्हणून सही करण्याआधी कागद वाचून घ्या. स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्याला बरोबर घेऊन बसा. आणि भावांनो, पुढच्या वेळी घरात वाटणीची बैठक भरली तर बहिणीला चहा करायला आत पाठवू नका. तिलाही बैठकीत बसवा आणि आधी तिचा हिस्सा किती ते मोठ्याने सांगा. त्यानंतर ती राजी आहे का, हे विचारा.