मजकूर लपला, माणूस सापडला

मागच्या वेळी आपण मजकूर लपवण्याचा इतिहास पाहिला. आज माणूस लपवण्याचा पाहू या. ही गोष्ट जास्त अवघड, आणि ती का अवघड आहे ते 1981 पासून दिसतं.

त्या वर्षी डेव्हिड चॉम यांनी एक युक्ती मांडली. मधल्या संगणकाने बरीच ई-पत्रं साठू द्यायची, पत्त्यांसारखी पिसायची आणि मगच पुढे धाडायची. आत आलेलं पत्र आणि बाहेर गेलेलं पत्र यांची जोडी पाहणाऱ्याला लावता येऊ नये, हा हेतू. किंमत मोजायची ती उशिराची.

1990च्या दशकाच्या मध्याला अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत पॉल सायव्हरसन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लॅग यांनी 'अनियन राउटिंग' घडवलं. संदेशाभोवती कूटलेखनाचे पापुद्रे. वाटेतला प्रत्येक संगणक एकेक पापुद्रा सोलतो. दोन्ही टोकं एकट्या कुणालाच कळत नाहीत. पण फक्त नौदलच हे जाळं वापरणार असेल, तर त्यातून बाहेर येणारा प्रत्येक जण नौदलाचाच ठरणार! म्हणून ते सगळ्यांना खुलं हवं होतं. त्यातूनच 'टॉर' आलं. 2004च्या निबंधात त्याच्या कर्त्यांनी स्पष्ट लिहिलं, की वेगासाठी आम्ही उशीर सोडला आहे. दोन्ही टोकांवर नजर असलेला वेळा जुळवू शकतो.

झालंही तसंच. मार्च 2012 मध्ये शिकागोत जेरेमी हॅमंडला अटक झाली. त्याच्या घरातून टॉरची वर्दळ केव्हा सुरू होते आणि खबऱ्याशी बोलणारं टोपणनाव केव्हा ऑनलाइन येतं, हे एफबीआयने ताडून पाहिलं होतं. डिसेंबर 2013 मध्ये हार्वर्डला बॉम्बच्या धमकीचा ईमेल आला, तोही टॉरवरून. पण विद्यार्थ्याने वापरलं विद्यापीठाचंच वायफाय. त्या काही तासांत टॉर कुणी वापरलं, एवढं पाहून पोलीस त्याच्यापर्यंत पोचले. दोन्ही वेळा टॉर फोडावं लागलं नाही.

इथे गुन्हेगार सापडले म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकू. पण कार्यालयातला घोटाळा पत्रकाराला कळवणारा कारकूनही याच रीतीने सापडतो: कचेरीच्या वायफायवर त्या दुपारी टॉर उघडणारा तो एकटाच असतो.

मग करायचं काय? टॉर ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळी वाट घेतो. 'न्यू आयडेंटिटी' निवडलं की खिडक्या बंद करतो, कुकी पुसतो. पण जुनंच टोपणनाव, तोच ईमेल, रोजची ठरलेली वेळ, लिहिण्याची लकब, हे कुठलाही ब्राउझर पुसत नाही. दोन ओळखी एका बैठकीत आणायच्या नाहीत, घटना आणि संदेश एका तासात येऊ द्यायचे नाहीत, आणि संशय जिथे येणार तिथलं जाळं वापरायचं नाही. चॉम यांच्या यंत्रात जो उशीर होता, तो आता आपला आपणच करायचा आहे.