ऊन पाण्याची साक्ष

सदलग्यास दूधगंगेच्या काठी राहणाऱ्या माणसाने गुडघ्यांच्या दुखण्यासाठी घाट उतरून कोकणात पाणी शोधावयास जावे, हे वरवर पाहता विपरीतच वाटेल. परंतु आमवाताने ताठलेल्या सांध्यांना नदीचे थंड पाणी सोसत नाही. म्हणून राधानगरी आणि फोंडा घाट या वाटेने आम्ही राजापूरजवळील उन्हाळे गावच्या उष्ण झऱ्यावर गेलो. जाताना दोघांचा आधार लागला. स्नान करून निघालो तेव्हा एकाचा पुरला. पुराव्याची पारख करणे हा आमचा पेशाच असल्यामुळे, या पाण्याच्या बाजूने इतिहासाची साक्ष काय आहे, हे तपासावे असे वाटले.

पहिली साक्ष भाषेची. मराठीत ‘ऊन पाणी’, कोंकणीत ‘हून उदक’. दोहोंचे मूळ संस्कृत ‘उष्ण’ हेच. राजापूरचे उन्हाळे, पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडील उन्हवरे ही गावांची नावेच पाण्याचा गुण सांगतात. पालघरपासून रत्नागिरीपर्यंत अशा झऱ्यांची एक ओळच आहे. येथे जागृत ज्वालामुखी नाही; पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते.

दुसरी साक्ष वैद्यकाची. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौदाव्या अध्यायात अग्नीच्या साहाय्याने द्यावयाच्या स्वेदाचे १३ प्रकार सांगितले आहेत. त्यांत ऊन द्रवाची धार धरणे हा परिषेक आणि ऊन द्रवात बसणे हा अवगाह, हे दोन येतात. मात्र आमवाताचे स्वतंत्र वर्णन माधवनिदानात आले, आणि त्यावर चक्रदत्ताने वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक सांगितला. म्हणजे प्रत्येक सांधेदुखीस पाणीच हितकर, असे आपले प्राचीन वैद्यही म्हणत नव्हते.

तिसरी साक्ष तीर्थांची. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीस नवस केला आणि विजयानंतर देवीचे मंदिर उभे राहिले, अशी परंपरा आहे. त्याच परिसरात तानसा नदीलगत अकलोलीची उष्ण कुंडे आहेत. दर्शन आणि स्नान एकाच यात्रेत घडत असल्याने, आराम पडला तो देवीच्या कृपेने की पाण्याच्या उष्णतेने, हा वाद भाविकांनी कधी घातला नाही. घालण्याचे कारणही नव्हते.

चौथी साक्ष एका बॅरिस्टराची. जर्मनीतील लुई कूने यांच्या जलोपचारांचे संस्कार गांधीजींवर तरुणपणीच झाले होते. १८ नोव्हेंबर १९४५ रोजी पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात त्यांनी एका न्यासपत्रावर सही केली. पण शहरातील उपचार गरिबाच्या आवाक्यात येत नाहीत, हे जाणून २२ मार्च १९४६ रोजी ते उरुळी कांचन येथे गेले. तेथला आश्रम पुढे मणिभाई देसाई यांनी चालविला. पाणी आणि माती खेड्यात सर्वांना मिळते, म्हणून उपचारही सर्वांना मिळावा, ही त्यामागील न्यायबुद्धी आम्हांस मोलाची वाटते.

आता उलटतपासणी. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले असता सांध्यांवरील भार सुमारे निम्मा होतो. मानेइतक्या पाण्यात तो जेमतेम दशांश उरतो. उबेने स्नायू सैल पडतात, वेदना मंदावते आणि जमिनीवर न होणारी हालचाल पाण्यात होते. एवढी साक्ष टिकते. परंतु ज्यास डॉक्टर ‘रूमॅटॉइड’ संधिवात म्हणतात, त्यात शरीराची संरक्षक शक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. तेथवर कोणतेही पाणी पोहोचत नाही. सांध्यांची झीज रोखण्यास मेथोट्रेक्सेटसारखी औषधेच लागतात.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. उन्हाळ्याहून परतल्यावर बरे वाटते म्हणून आम्ही तीन महिने गोळ्या बाजूस ठेवल्या. कुटुंबाने दोनदा टोकले. आम्ही तीर्थाचा दाखला देऊन त्यांना गप्प केले. तेवढ्या अवधीत उजव्या हाताची दोन बोटे वाकडी झाली, ती आजतागायत सरळ झाली नाहीत. आमची सही आता पूर्वीच्या सहीशी जुळत नाही. दोष पाण्याचा नव्हे. त्याने न दिलेले वचन आम्ही त्याच्या तोंडी घातले.

म्हणून आमचा निर्णय असा : आरामाविषयी ऊन पाण्याची साक्ष ग्राह्य, रोगमुक्तीविषयी अग्राह्य. सांधा सुजून तापला असेल किंवा हृदयविकार असेल, तर डॉक्टरांस विचारल्यावाचून कुंडात उतरू नये. आम्ही या वर्षीही उन्हाळ्यास जाणार आहोत. आणि पंचासोबत गोळ्यांची डबी कुटुंबाने पिशवीत आधीच घालून ठेवली आहे.