मेणाच्या ट्रेमधील बेडूक : जीवशास्त्राच्या पदवीचा एक इतिहास

प्राणिशास्त्र हा विषय घेऊन विसाव्या शतकात बी.एस्सी. झालेल्या कोणाही व्यक्तीस महाविद्यालयाचे स्मरण झाले की प्रथम आठवतो तो प्रयोगशाळेतील फॉर्मॅलिनचा उग्र दर्प. त्या पाठोपाठ आठवतो मेण ओतलेला काळा ट्रे, चारी पाय टाचण्यांनी ताणून धरलेला बेडूक आणि शेजारी उघडे ठेवलेले जर्नल. बहुतेकांच्या मनात ही आठवण थोड्याशा कौतुकाने, थोड्याशा किळसेने राहिलेली असते. परंतु पाणी गाळून पिण्याच्या, दिवेलागणीपूर्वी भोजन उरकण्याच्या आणि पावलाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपून चालण्याच्या संस्कारात वाढलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो ट्रे केवळ अभ्यासाचे साधन नव्हता. सकाळी ज्या हातांनी पाणी गाळले, त्याच हातांनी दुपारी क्लोरोफॉर्मच्या बरणीत बेडूक सोडावयाचा, हा पेच त्याच्यापुढे प्रत्यक्ष उभा राहत असे. विषय सोडावा, की मन आवरून परीक्षा द्यावी, या दोन वाटांखेरीज तिसरी वाट त्याला दीर्घकाळ उपलब्धच नव्हती.

हा बेडूक पदवीच्या अभ्यासक्रमात आला तरी कोठून? त्याचे मूळ इंग्लंडमध्ये सापडते. डार्विनचे खंदे समर्थक टॉमस हेन्री हक्सले यांनी १८७१ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे शिक्षकांसाठी एक उन्हाळी वर्ग चालविला. तोपर्यंत जीवशास्त्र म्हणजे मुख्यतः व्याख्यान ऐकणे आणि पुस्तकातील वर्णन पाठ करणे. हक्सले यांचे म्हणणे असे की, जे पुस्तकात वाचावयाचे ते विद्यार्थ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेच पाहिजे. असंख्य प्राणी व वनस्पती पाहणे शक्य नाही, म्हणून प्रत्येक मोठ्या गटाचा एक प्रतिनिधी निवडावा आणि तो सूक्ष्मदर्शक व कात्री यांच्या साहाय्याने कसोशीने अभ्यासावा, ही त्यांची पद्धती. एच. एन. मार्टिन यांच्या सहकार्याने त्यांनी सिद्ध केलेले प्रात्यक्षिक जीवशास्त्राचे पुस्तक १८७५ साली प्रसिद्ध झाले. त्यात आरंभी किण्व, म्हणजे यीस्ट, आणि अखेरीस बेडूक असा क्रम होता. १८८८ च्या सुधारित आवृत्तीत तो उलटविण्यात आला आणि बेडूक पहिल्या पानांवर आला. पुढे शतकभर तो तेथून हलला नाही.

ज्या १८७५ साली हे पुस्तक निघाले, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांची चौकशी करण्यासाठी एक राजकीय आयोग नेमला गेला आणि स्वतः हक्सले त्याचे सदस्य होते. त्यातून १८७६ चा प्राणिक्रौर्यविषयक कायदा जन्माला आला. म्हणजे प्राण्यांच्या वेदनेचा प्रश्न नंतर कोणी बाहेरून आणलेला नाही. प्रात्यक्षिक जीवशास्त्राच्या पाळण्याशीच तो उभा होता.

भारतीय विद्यापीठांनी ही पद्धती जशीच्या तशी स्वीकारली आणि प्रारंभी तिच्याबरोबर एक विसंगतीही स्वीकारली. पुस्तके इंग्लंडची असल्याने त्यातील गांडूळ होते लंब्रिकस. विद्यार्थ्याच्या ट्रेमध्ये मात्र येथल्या मातीतील फेरेटिमा. पुस्तक सांगे की गांडुळाच्या अंगावरील जाड पट्टा ३२ ते ३७ या वलयांवर असतो. प्रत्यक्षात तो १४ ते १६ या वलयांवर दिसे. अशा वेळी डोळ्यांवर विश्वास ठेवावा की छापील अक्षरावर? ज्या पद्धतीचा सारा भर स्वतः पाहण्यावर, तिच्याच नावाने विद्यार्थ्याला न पाहिलेले लिहावे लागत होते.

ही विसंगती दूर करण्याचे श्रेय मुख्यतः लखनौ विद्यापीठाचे प्राध्यापक करम नारायण बहल यांना द्यावे लागते. फेरेटिमा या गांडुळाच्या शरीरातील टाकाऊ द्रव्य वाहून नेणाऱ्या बहुसंख्य नलिका बाहेर न उघडता आतड्यातच उघडतात, हे त्यांनी १९१९ साली दाखवून दिले. उष्ण व कोरड्या हवेत शरीरातील पाणी राखण्याची ही योजना आहे, असा तिचा अर्थ लावला गेला. युरोपीय पुस्तकात नसलेली ही गोष्ट येथील शेतातल्या गांडुळात सापडली होती. पुढे बहल यांच्या संपादकत्वाखाली भारतीय प्राण्यांवरील स्वतंत्र ग्रंथांची माला सुरू झाली. १९२६ मध्ये फेरेटिमावरील पहिला ग्रंथ आला. त्यानंतर मुशी, शंखगोगलगाय, जळू अशा एकेका प्राण्यावर ग्रंथ निघत गेले. नदीतील कोळंबीवरील ग्रंथ १९३७ साली एस. एस. पटवर्धन यांनी लिहिला. विज्ञानातील स्वदेशीचे हे एक शांत, फारसे न गाजलेले पर्व होय. कात्रीविषयी आज कोणाचे काहीही मत असो, या विद्वानांच्या परिश्रमांस कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांनी जे कापले ते जाणून घेण्यासाठी कापले आणि जे लिहिले ते पूर्वी कोणी लिहिलेले नव्हते.

येथे एका साम्याचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. जैन तत्त्वज्ञानात जीवांची मांडणी इंद्रियांच्या संख्येवरून केली आहे. पृथ्वी, जल, वनस्पती आदी एकेंद्रिय; कृमी द्वींद्रिय; मुंगी त्रींद्रिय; भ्रमर चतुरिंद्रिय; आणि त्यापुढे पंचेंद्रिय. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात ही उतरंड थोडक्यात आलेली आहे. बी.एस्सी.चा विद्यार्थीदेखील सूक्ष्म जीवापासून कृमी, कीटक आणि अखेरीस पृष्ठवंशी प्राणी अशाच पायऱ्या चढत असे. दोन्हींचे निकष वेगळे, हेतूही वेगळे. एकाची ओढ जीव जाणून घेण्याची, दुसऱ्याची जाणून त्याला जपण्याची. पण पदवीच्या अभ्यासक्रमात जसजसा वर्ग वरचा, तसतसा टेबलावरचा प्राणी अधिक इंद्रियांचा असे. पहिल्या पायरीवरचा विद्यार्थी गांडुळापाशी अडखळला, तर पुढे त्याच्यासाठी बेडूक वाट पाहत असे.

आणि बेडूक तर जैन वाङ्मयास मुळीच परका नाही. ज्ञाताधर्मकथेतील नंद मणिकार आपण बांधलेल्या पुष्करिणीच्या मोहाने तिच्यातच बेडूक होऊन जन्मतो, पूर्वजन्माचे स्मरण होताच भगवान महावीरांच्या दर्शनास निघतो आणि वाटेत श्रेणिक राजाच्या घोड्याच्या टापेखाली सापडतो. तरीही त्याला देवगती लाभते. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारातही पूजेचे माहात्म्य सांगताना राजगृहातील फूल घेऊन निघालेल्या बेडकाचाच दाखला दिला आहे. ही कथा आजीच्या तोंडून ऐकलेल्या मुलास टाचण्यांनी ताणलेला बेडूक कसा दिसला असेल, हे वेगळे सांगावयास नको.

अशा संकोचाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मात्र जैन कुटुंबातील नाही. १८८८ साली मोहनदास गांधींना विलायतेस पाठविण्याचा विचार चालला असता त्यांनी वैद्यकी शिकण्याची इच्छा व्यक्त केली. तेव्हा आपल्यासारख्या वैष्णवांनी प्रेते चिरण्याच्या कामात पडू नये, असे वडिलांचे मत होते, याची आठवण थोरल्या बंधूंनी करून दिली आणि गांधी कायद्याकडे वळले. प्रस्थानापूर्वी मातेच्या समाधानासाठी त्यांना तीन प्रतिज्ञा देणारे बेचरजी स्वामी हे जैन साधू होते, हेही त्यांनी आत्मचरित्रात नोंदविले आहे. गांधींसाठी दुसरी वाट होती. ज्याला प्राणिसृष्टीचीच ओढ आहे, त्याने ती ओढ कोठे न्यावी?

स्वातंत्र्यानंतर महाविद्यालये वाढली, विद्यार्थी वाढले आणि ट्रेमधले प्राणीही वाढले. शोधाची जागा हळूहळू रिवाजाने घेतली. मुशीच्या मेंदूपासून निघणाऱ्या नसा, झुरळाची मज्जासंस्था, बेडकाच्या शिरा हे प्रश्न वर्षानुवर्षे प्रात्यक्षिक परीक्षेस फिरून फिरून येत. परीक्षकाला काय दिसावयास हवे ते आधीच ठरलेले असे आणि आकृती तर बहुधा ट्रेकडे न पाहताच काढली जाई. जर्नलमधील नावे जुनीच राहिली. त्या बेडकाचे शास्त्रीय नाव राना टायग्रिना हे बदलून होप्लोबट्राकस टायगेरिनस झाले, गांडूळ फेरेटिमाचे मेटाफायर झाले, तरी प्रयोगशाळेच्या बरण्यांवरील चिठ्ठ्या अनेक ठिकाणी तशाच होत्या. हक्सले यांनी पाठांतर मोडण्यासाठी आणलेली कात्री स्वतःच पाठांतराचे साधन बनली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

शेतातील बेडूक कमी होण्यास महाविद्यालयांपेक्षा बेडकांच्या तंगड्यांची निर्यात अधिक कारणीभूत होती. कीड खाणारे बेडूक गेल्याने पिकांवरील कीड वाढते, ही तक्रार वाढत गेली आणि १९८७ मध्ये भारताने ही निर्यात बंद केली. त्याआधीच बेडकास वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळालेले होते.

कायद्याच्या दृष्टीने पाहता, प्रयोगशाळेतील मार्ग १९६० सालीच आखला गेला होता. प्रख्यात नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राणिरक्षणाचे खाजगी विधेयक मांडले. त्या प्रयत्नांची परिणती प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० मध्ये झाली. या अधिनियमाने नव्या ज्ञानाच्या शोधासाठी केलेल्या प्रयोगांना मुभा दिली. परंतु महाविद्यालयांत पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांनी काम भागत असेल तर प्रयोग टाळावेत आणि केवळ हस्तकौशल्य मिळविण्यासाठी ते करू नयेत, याची दक्षता घेण्याचे कर्तव्य १७ व्या कलमाने नियोजित समितीवर सोपविले. पदवी वर्गातील बेडकाने कोणते नवे ज्ञान मिळत होते? तरीही कलम कागदावर राहिले आणि परीक्षा चालू राहिल्या. एका अर्धशतकाच्या या दिरंगाईचे समर्थन करणे अवघड आहे.

अखेर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. पदवीच्या विद्यार्थ्यांनी विच्छेदन करू नये, केवळ शिक्षकाने एका प्रजातीचे करून दाखवावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यास विच्छेदन किंवा प्रकल्प यांतून निवड करता यावी, असे त्यात ठरले. २०१४ मध्ये तीही सवलत काढून घेऊन प्राणिशास्त्र व जीवविज्ञानाच्या दोन्ही स्तरांवरील विच्छेदन बंद करण्याचे पाऊल उचलले गेले. ज्या तिसऱ्या वाटेअभावी विद्यार्थी विषय सोडत, ती आता सर्वांचीच वाट झाली. तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठातील महात्मा गांधी-डोएरेनकाम्प केंद्रासारख्या संस्थांनी पर्यायी साधनांचा प्रसार केला. संगणकाच्या पडद्यावर बेडूक उघडता येऊ लागला आणि पुन्हा मिटताही येऊ लागला.

या निर्णयावर अनेक प्राध्यापकांनी आक्षेप घेतले आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. पडद्यावरील रक्तवाहिनी नेहमी निळी किंवा लाल असते आणि नेमक्या जागी असते. खऱ्या प्राण्यात ती चरबीखाली दडलेली असते, एखादे वेळी जागा सोडूनही असते. प्रत्येक जीव दुसऱ्याहून किंचित निराळा, हे जीवशास्त्रातील मूलभूत सत्य पडद्यावर हरवते. ट्रे काढून त्याच्या जागी फक्त संगणक ठेवणाऱ्या महाविद्यालयास हा आक्षेप लागू पडतोच. त्याला उत्तर आहे ते मैदानात: जिवंत प्राणी त्याच्या जागी पाहणे, त्याचा आवाज, त्याची अंडी, त्याचा ऋतू नोंदविणे. हे काम कात्रीपेक्षा अधिक वेळ मागते आणि वेळापत्रकात ते बसविणे अधिक कठीण असते, ही गोष्ट निराळी.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीच्या कातळावर पावसाळ्यात दिसणाऱ्या एका लहानशा भेकाचे विज्ञानाला ज्ञात नसलेली प्रजाती म्हणून वर्णन २००९ साली प्रसिद्ध झाले. त्याचे नाव झँथोफ्रायन टायगेरिना. आज त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत होते. त्याला पाहण्यासाठी विद्यार्थी मृगाच्या पावसात विजेऱ्या घेऊन कातळावर उकिडवे बसतात आणि वह्यांत टिपणे करून रिकाम्या हातांनी परततात. परंतु नवी प्रजाती जगापुढे ठेवताना तिचा नमुना संग्रहालयात जतन करण्याची शास्त्राची रीत अद्याप कायम आहे. पदवीच्या विद्यार्थ्याच्या समोरून तो ट्रे उचलला गेला आहे. संशोधकाच्या टेबलावर, परवानगीच्या कागदांसह, तो अजून आहे.