बर्फावरची कोरीव रेघ

खेळांच्या इतिहासाकडे पाहण्याची आपल्याकडील सुशिक्षितांची दृष्टि बहुधा उपेक्षेची असते. राजांच्या लढाया आणि कंपनीचे तहनामे यांनाच इतिहास म्हणावयाचें, आणि मनुष्य फुरसतीच्या वेळीं काय करीत होता हें गप्पांसाठीं ठेवून द्यावयाचें, असा आपला परिपाठ. परंतु एखादें साधन कसें जन्मास आलें, कोणाच्या हातीं वाढलें, एकानें टाकून दिल्यावर दुसऱ्यानें कां उचलून धरलें, हें पाहूं गेल्यास खेळांच्या इतिहासांतही पंथ, पाखंड, बहिष्कार आणि निष्ठा हीं सारीं सांपडतात. अशाच एका लहानशा पंथाची ही हकीकत आहे. त्याचे अनुयायी स्नोबोर्ड नांवाची एकच फळी पायांखालीं घेऊन बर्फाच्या उतारावरून खालीं येतात. मात्र या खेळांतील बहुसंख्यांप्रमाणें मऊ बूट न घालतां ते स्कीवाल्यांसारखे कठीण कवचाचे बूट घालतात, आणि फळी घसरूं न देतां तिच्या पोलादी कडेनें बर्फ कोरीत जातात.

ज्या वाचकांनीं हिमालयाचें बर्फ दुरूनच पाहिलें असेल, त्यांच्यासाठीं घसरणें आणि कोरणें यांतील भेद थोडा उलगडून सांगितला पाहिजे. फळी उतारावर आडवी धरून खालीं आलें, तर ती बर्फ खरवडीत जाते. मागें शेणानें सारवल्यासारखा रुंद पट्टा उरतो, आणि गतीही त्या खरवडण्यांतच खर्चीं पडते. याच्या उलट, फळी कडेवर उभी केली आणि कडेचा प्रत्येक बिंदु पुढच्या बिंदूनें पाडलेल्या खाचेंतूनच गेला, तर मागें नांगराच्या तासासारखी एक बारीक वक्र रेघ तेवढी राहते. हें घडतें कसें? फळी दोन्ही टोकांस रुंद आणि कमरेंत बारीक असते. म्हणजे तिची प्रत्येक बाजू एका मोठ्या वर्तुळाचा तुकडाच होय. ती कलती करून वर भार दिला कीं मधला भाग खालीं दबतो, फळी वांकते, आणि बर्फाला लागणारी कमान मूळच्याहून लहान वर्तुळाची होते. बाजूची त्रिज्या १२ मीटर असली आणि फळी ६० अंश कलविली, तर भूमितीच्या हिशेबानें वळणाची त्रिज्या निम्मी, म्हणजे ६ मीटर भरते. वळणाचा आकार अशा रीतीनें पायाच्या रेट्यावर नव्हे, तर कलण्यावर ठरतो. सायकलवाला वळणावर आंत झुकतो तेंच हें. फक्त येथें झुकण्याची मर्यादा इतकी पुढें गेलेली आहे कीं, निपुण स्वाराचें कोपर, आणि कधीं कधीं सारें अंगच, बर्फाला घासून जातें.

बारीक कमरेची ही युक्ति फळीवाल्यांची नव्हे. नॉर्वेंतील टेलेमार्क प्रांतांत मॉर्गेडाल या गांवीं सोंद्रे नॉरहाइम (१८२५–१८९७) नांवाचें एक गरीब कूळ होतें. त्यानें कमरेंत निमुळत्या होणाऱ्या स्की केल्या, आणि तोंवर पायाचा चवडाच काय तो अडकवीत असत तेथें पिळलेल्या वेताचा फेरा टांचेमागून नेला. १८६८ सालीं राजधानींत येऊन त्यानें आपलें कसब दाखविलें तेव्हां शहरवासी थक्क झाले. तथापि दारिद्र्य काहीं सुटलें नाहीं, आणि १८८४ त तो अमेरिकेस निघून गेला. आमच्या मतें त्याच्या दोन शोधांत वेताचा फेरा हा अधिक मोठा. टांच आणि लांकूड यांचा संबंध जितका घट्ट, तितका मनाचा हुकूम लांकडापर्यंत लवकर पोंचतो. चामड्याचे बूट जाऊन १९६० च्या दशकांत प्लॅस्टिकचे कठीण बूट स्कीवाल्यांच्या पायांत आले, ते याच मार्गानें.

फळीचा जन्म मात्र अगदीं बाळबोध. १९६५ च्या नाताळांत, अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत मस्कीगन गांवीं, शर्मन पॉपेन यानें आपल्या मुलींसाठीं दोन स्की एकमेकींस जोडल्या. पत्नीनें बर्फ आणि लाटांवरचा खेळ यांच्या इंग्रजी शब्दांचा सांधा करून त्या खेळण्याला 'स्नर्फर' नांव दिलें. त्यावर पाय बांधण्याची सोयच नव्हती; पुढच्या टोंकाला एक दोरी, एवढाच लगाम. पुढें टॉम सिम्स, दिमित्रिये मिलोविच आणि १९७७ त व्हर्माँट संस्थानांत कारखाना काढणारा जेक बर्टन कार्पेंटर यांनीं त्या खेळण्याचें साधन केलें. पायांना पट्टे आले, फळीला पोलादी कडा आल्या. परंतु बहुतेक स्की-मैदानांचे मालक या पोरांना दारांत उभें करीत ना. बहिष्कृतांचें जें होतें तेंच झालें: स्कीवाल्यांशीं साम्य दाखविणारी प्रत्येक गोष्ट त्यांना त्याज्य वाटूं लागली. मऊ बूट हे पायांतले बूट राहिले नाहींत, तो त्यांचा झेंडा झाला.

आल्प्स पर्वतांत निराळें घडलें. तेथील उतार उभे, बर्फ दाबून घट्ट केलेलें, आणि घरोघर स्कीचे कठीण बूट पडलेले. मऊ बुटांत घोटा वांकतो, आणि मांडीनें दिलेला जोर कडेपर्यंत पोंचण्यापूर्वींच वाटेंत मुरून जातो, हें तेथील स्वारांच्या लवकर ध्यानांत आलें. १९८३ त फ्रान्समधील लेझ-आर्क येथें रेजिस रोलां याच्या फळीवरील पराक्रमाचा 'अपोकॅलिप्स स्नो' हा बोलपट निघाला आणि तरुणांस वेड लागलें. सर्ज व्हितेली या फ्रेंच स्वारानें शरीर बर्फावर लोळवून घेतलेलें वळण तर त्याच्याच नांवानें ओळखलें जाऊं लागलें. होझे फर्नांडिस या स्विस स्वाराचें नांव १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धांत विषम फळीशीं जोडलें गेलें. पाय फळीवर तिरपे असल्यामुळें चवड्यांचा भार एका जागीं आणि टांचांचा किंचित् मागें पडतो; मग दोन्ही कडा सारख्या तरी कां असाव्या, हा त्या फळीमागील तर्क. तर्क बिनतोड होता. परंतु फळ्या जसजशा अरुंद झाल्या आणि पाय अधिक पुढें वळले, तसतशी त्याची गरजच उरली नाहीं, आणि काहीं वर्षांतच ती विषमता लोपली. विनोद असा कीं, बर्टनच्याच कारखान्यानें पेटर बाउअर हा जर्मन आणि जाँ नेर्व्हा हा फ्रेंच, असे दोन कठीण बुटांचे शर्यतवाले पदरीं बाळगले होते.

या पंथाचें अर्धें शास्त्र उतारावर नसून, घरीं पेंचकस हातांत घेऊन बसलेल्या माणसापाशीं आहे. मऊ बुटांच्या फळीची कंबर सुमारें २५ सेंटिमीटर रुंद असते. कोरीव वळणांच्या फळीची सुमारें २०, शर्यतीची याहूनही कमी. अरुंद फळी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर झटकन् उलटते, हा तिचा गुण. पण तीवर पाय आडवे ठेवले तर चवडे आणि टांचा बाहेर डोकावतात. फळी पुरती कलली कीं तेंच टोंक बर्फाला लागतें, कड खाचेंतून उचलली जाते, आणि स्वार क्षणार्धांत पाठीवर. म्हणून दोन्ही पाय पुढच्या दिशेला ५० ते ६५ अंश वळवावयाचे, मागचा पुढच्याहून थोडा कमी. बूट धातूच्या पट्टीवर ठेवून पुढून आणि मागून जाड तारेच्या कड्यांनीं जखडलेला असतो. दोन पायांत अंतर अर्ध्या मीटरच्या आसपास. आतां असे दोन्ही पाय एकामागें एक ठेवून उभें राहून पाहावें: गुडघे एकमेकांशीं भांडूं लागतात. तें भांडण मिटविण्यासाठीं पुढच्या पायाच्या चवड्याखालीं आणि मागच्या पायाच्या टांचेखालीं बारीक पाचर घालतात. ३ अंशांची पाचर पुष्कळांस पुरते, कोणास अधिक लागते. मग बुटाची नडगी किती पुढें झुकवावी, तिच्यामागें स्प्रिंग बसवून किती लवचिकपणा ठेवावा, हे प्रश्न उरतातच. कारण कवच कठीण असलें तरी आंतला घोटा सर्वस्वीं मारून चालत नाहीं. तंबोऱ्याची जवारी लावणारा घोडीवरचा दोरा केसभर सरकवितो आणि कान देऊन बसतो, तशीच ही आराधना आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, हें जाणते लोक नवशिक्यास प्रथम बजावतात. आणि नवशिका चार गोष्टी एकदम बदलून दिवस फुकट घालवितो.

१९९८ च्या फेब्रुवारींत जपानमधील नागानो येथें स्नोबोर्डला ऑलिंपिकचें दार प्रथम उघडलें, तेव्हां पहिलें सुवर्णपदक कठीण बुटांच्या शर्यतीलाच मिळालें. कॅनडाचा रॉस रेबाग्लियाटी इटलीच्या थॉमस प्रुगरपेक्षां दोन फेऱ्यांच्या एकूण वेळांत केवळ ०.०२ सेकंदानें पुढें राहिला. नंतर त्याच्या तपासणींत गांजाचा अंश सांपडला, पदक काढून घेतलें गेलें, आणि लवादानें तें परत दिलें. जगाच्या स्मरणांत त्याचीं वळणें राहिलीं नाहींत. राहिला तो गांजा. स्त्रियांत फ्रान्सची कारीन रुबी विजयी झाली. पुढें ती पर्वतांतील मार्गदर्शक होण्याचें शिक्षण घेत होती, आणि २००९ त माँ ब्लांच्या परिसरांत हिमनदीच्या भेगेंत पडून मरण पावली.

विजयाचा तो क्षण हाच उतरणीचाही आरंभ होता. उड्या आणि गिरक्या घेणाऱ्या मऊ बुटांच्या पंथानें तरुणांचीं मनें आणि दुकानांचे गल्ले दोन्ही काबीज केले. कठीण बुटांची फळी म्हणजे वेषांतर केलेली स्कीच, असा टोमणा अमेरिकेंत रूढ झाला. आमच्याकडे मुक्तछंदाचा उदय झाल्यावर आर्या लिहिणारास जें ऐकून घ्यावें लागलें, तसलाच हा प्रकार. नव्या शतकाच्या पहिल्या दशकांत बर्टननें या फळ्या करणें सोडून दिलें. गंमत अशी कीं, याच सुमारास स्कीचें जग उलट दिशेनें गेलें होतें: स्लोव्हेनियांतील एलान कारखान्याच्या खोल कमरेच्या स्कींपासून १९९० च्या दशकांत सर्वत्र तशाच स्की निघूं लागल्या, आणि जें कोरीव वळण फळीवाल्यांनीं टाकलें तें स्कीवाल्यांच्या घरोघरीं पोंचलें. टोमण्याचें माप खरोखर कोणाच्या पदरांत घालावयाचें?

मोठ्या कारखानदारांनीं सोडलेलें काम लहान कारागिरांनीं उचललें. स्वित्झर्लंडचा हान्सयुर्ग केसलर यानें लांकडाच्या गाभ्याभोंवतीं टायटॅनल या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पातळ पत्रे आणि बदलत्या त्रिज्येची कमान यांचा मेळ घातला. धातूनें थरथर शोषून घेतल्यामुळें निसरड्या कठीण बर्फावरही कड सुटेनाशी झाली, आणि शर्यतींचें रूपच पालटलें. ऑस्ट्रियाचा सिगी ग्राबनर, २००६ च्या ऑलिंपिकमधील कांस्यपदकाचा मानकरी, स्वतःच फळ्यांचा कारखानदार झाला. जपानांत तर शर्यतीशीं संबंध नसलेले गृहस्थही केवळ वळणाच्या सौंदर्यासाठीं हा छंद जोपासतात. २०१८ त चेक देशाची एस्टर लेडेत्स्का हिनें कोरियांतील एकाच ऑलिंपिकमध्यें स्कीची सुपर-जी शर्यत ०.०१ सेकंदानें जिंकली आणि आठवड्याभरानें फळीवरील समांतर जायंट स्लॅलमही जिंकली. ज्या दोन पंथांनीं एकमेकांचा विटाळ मानला, ते एकाच बाईच्या पायांत नांदले. तिनें हें केलें त्याच खेळांतून समांतर स्लॅलम वगळून उंच उड्यांची स्पर्धा घेतलेली होती. आणि २०२६ च्या खेळांच्या वेळीं उरलेल्या एकमेव शर्यतीचें भवितव्यही वादांत सांपडून खेळाडूंना तिच्यासाठीं मोहीम चालवावी लागली.

ऑन्टॅरिओ आणि कोलोरॅडो येथील लहान कारखान्यांतून स्वाराच्या मापाच्या फळ्या घडविण्याची चाल पडली, ती याच पडत्या काळांत. मागणी नोंदवितांना हे कारागीर स्वाराचें वजन विचारतात, बुटाची लांबी विचारतात, कोणत्या अंशांत उभा राहतोस तें विचारतात, आणि तुझ्या डोंगरावरचें बर्फ सकाळीं किती कठीण असतें हेंही विचारतात.