आंतड्यांची छाया

१८९५ सालीं रंटगेन यांनीं क्ष-किरण शोधले. हाडांची छाया त्यांत उमटे. मऊ आंतडीं मात्र दिसत नसत. डिसेंबर १८९६ मध्यें हार्वर्डचे विद्यार्थी वॉल्टर कॅनन यांनीं प्राण्यांवर प्रयोग आरंभिले. किरणांना अडविणारा बिस्मथचा जड क्षार अन्नांत मिसळतांच त्या अन्नाचा प्रवास पडद्यावर दिसूं लागला.

१९०४ सालीं म्यूनिकचे डॉ. रीडर यांनीं तोच उपाय रोग्यांवर योजिला. परंतु बिस्मथ सबनायट्रेटचें पोटांत विषारी नायट्राइट होऊन कांहीं रोगी दगावले. १९१० पासून बेरियम सल्फेट आलें. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारीच. हा मात्र न विरघळतां बाहेर पडतो, म्हणून निर्धोक.

तरी लहान आंतड्याचीं वेटोळीं एकमेकांवर पडून छाया गुंतत, आणि जठर बेरियम थोडथोडेंच पुढें सोडी. म्हणून १९२९ सालीं पेस्केरा यांनीं नळीवाटे तें थेट लहान आंतड्यांत सोडण्याची रीत मांडली. १९७० नंतर हॉलंडचे सेलिंक यांनीं ती सुधारून रूढ केली. आज बहुतेक ठिकाणीं तिची जागा सी. टी. व एम. आर. आय. यांनीं घेतली आहे.

कॅनन यांना उत्तरायुष्यांत त्वचेचा दुर्धर विकार जडला. तरुणपणीं अंगावर घेतलेल्या किरणांचाच तो परिणाम मानला जातो. १९४५ सालीं ते निवर्तले. वैद्यकाला नवी दृष्टि लाभली, पण तिचें मोल रोग्यांनीं आणि संशोधकांनींहि दिलें.